किट आलं, कोथिंबीर कुठाय?

मागच्या महिन्यात या पानावर मी सहज लिहून गेले होते की भाचीनं मला वाढदिवसाला ते 'घरच्या घरी हर्ब्ज' वालं किट दिलं. त्यात बोटभर उंचीच्या सहा कुंड्या, कोकोपीटच्या सहा चकत्या, बियांची सहा पाकिटं आणि नावं लिहिलेल्या लाकडी पाट्या होत्या, आणि सहापैकी दोनच कुंड्यांत काहीतरी हिरवं दिसलं. बास, एवढंच लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की निम्म्या सोलापूरच्या ओट्यावर हेच किट बसलंय की काय असं वाटायला लागलं. सगळ्यांना उत्तरं देणं जमणार नाही, म्हणून सारखे सारखे प्रश्न एकत्र केलेत. कुणाचं नाव टाकलं नाहीय, फक्त राहायचा भाग टाकलाय, तेव्हा बिनधास्त वाचा.

प्रश्न : ताई, मुलीनं पुण्याहून किट पाठवलंय. त्यातले धने टाकून बारा दिवस झाले, एक पण वर येईना की. पाणी तर रोज सकाळ-संध्याकाळ घालते. बी खराब असंल का? (एक आजी, अशोक चौक)

आजी, बी खराब असेलच असं नाही, पण तुमच्या पत्रातलं ते 'सकाळ-संध्याकाळ' वाचलं आणि मला माझीच कुंडी आठवली. मी पण असंच केलं होतं. तेराव्या दिवशी न राहवून अगरबत्तीच्या काडीनं उकरून बघितलं तर धना होता तिथंच होता, पण मऊ आणि काळपट झालेला, बोटात धरला तर चिखलासारखा पसरला आणि त्याला तळघरासारखा वास. म्हणजे बी कुजलं होतं. कोकोपीटचं असं आहे की ते वरून कोरडं दिसतं, भुरभुरीत, फिकट, आणि आत बोट घातलं तर गच्च ओलं. नारळाच्या काथ्याचा भुसा तो, स्पंजासारखं पाणी धरून बसतो. त्यामुळं वरचा रंग बघून पाणी घालू नका, बोटाचं एक पेर आत घालून बघा, नाहीतर कुंडी हातात उचलून बघा, हलकी लागली तरच पाणी. चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं, तुम्हाला तर भाकरीचं पीठ हातानंच कळतं, हे काय अवघड.

दुसरी गोष्ट म्हणजे आख्खा धना टाकलात का? तो जो गोल मणी दिसतो त्यात दोन बिया असतात, दोन डाळिंब्या जुळवल्यासारख्या. पोळपाटावर ठेवून लाटण्यानं हलकं रगडायचं, दोन भाग सुटले की थांबायचं, पूड करायची नाही. मग रात्रभर पाण्यात, सकाळी निथळून फडक्यावर पसरायचं आणि मग अर्धा बोट खोल पेरायचं. असं केलं तर आठ-दहा दिवसांत वर येतो. न रगडता, न भिजवता टाकला तर दोन-दोन आठवडे काही दाखवत नाही आणि तोवर आपण पाणी घालून त्याला बुडवतो.

आणि बियांची शंका असेलच तर एक सोपी टेस्ट आहे, दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, फडकं वाळू देऊ नका, आठ-दहा दिवसांनी उघडा. सहा-सातांना कोंब असतील तर बी चांगलं. किटातलं पाकीट संपलं म्हणून परत तसलंच पाकीट मागवायची गरज नाही, धन्याचं पीक रब्बीचं, पाडव्याच्या आसपास बाजारात नवा धना येतो, मधल्या मारुतीजवळ कुठल्याही किराणा दुकानात 'नवा, न भाजलेला' म्हणून शंभर ग्रॅम मागा, वर्षभर पुरेल आणि उरलेल्याची आमटी होईल.

आता खरी अडचण सांगते. आत्ता एप्रिल लागलाय. कोथिंबिरीला गारवा लागतो, आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर जायला लागला की ती उगवायला कुरकुर करते, आणि उगवली तरी चार पानं दिली-न-दिली की दांडा काढून फुलावर येते, मग पानं बारीक शेपूसारखी होतात आणि चव पण उतरते. ही तुमची चूक नाही, तिचा स्वभावच तो. म्हणून आजी, आता त्याच कुंडीत मेथी टाका. तीन दिवसांत कोंब दिसतील, तीन आठवड्यांत खुडाल. कोथिंबीर दसऱ्याला परत टाका आणि तेव्हा मला सांगा.

प्रश्न : आमच्या फ्लॅटला दक्षिणेला मोठी खिडकी आहे. संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत, किटमधला बेसिल तिथं मस्त चालला होता. आता महिन्याभरात लांबुळका झालाय, पानं फिकी, सगळा काचेकडं वाकतोय. मिस्टर म्हणतात सोलापूरचं ऊन सोसत नाही त्याला, म्हणून मी कुंडी आणखी दोन फूट आत सरकवली, तर अजूनच वाकला. (जुळे सोलापूर)

हा मला सगळ्यात आवडलेला प्रश्न, आणि मिस्टरांना सांगा की उलटं आहे. तुमच्या बेसिलला ऊन जास्त झालेलं नाही, कमी पडलंय. सोलापुरात, एप्रिलमध्ये, ऊन कमी! मला पण आधी हसूच आलं होतं, पण सांगते कसं ते.

सोलापूर साधारण साडेसतरा-पावणेअठरा अक्षांशावर आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडं कललेला असतो, भर दुपारी सुद्धा आकाशात जेमतेम अर्ध्यावर, म्हणून ऊन तिरकं होऊन तुमच्या दक्षिणेच्या खिडकीतून पार आत फरशीपर्यंत येतं. आठवा, संक्रांतीला तिळाचे लाडू वळताना पाठीवर ऊन यायचं ना तिथं. नंतर सूर्य वर वर सरकत जातो आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपारी बरोब्बर डोक्यावर येतो, तोच तो शून्य सावलीचा दिवस, ज्या दिवशी शाळेची पोरं मैदानात डबा नाहीतर बाटली उभी करून सावली गायब झालेली बघतात. तिथून पुढं जुलै संपेपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या चक्क उत्तरेला असतो. म्हणजे त्या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीवर थेट ऊन पडतच नाही. आत्ता एप्रिलमध्ये थोडं पडतं पण ते इतकं उभं असतं की वरचा सज्जा ते अडवतो. खिडकीत येते ती नुसती झळ. हवा भट्टीसारखी, उजेड कमी. रोपाला दोन्हीकडून मार, आणि आपल्याला वाटतं ऊन लागलं, म्हणून आपण त्याला अजून अंधारात सरकवतो.

खात्री करायची तर अकरा-बाराच्या सुमाराला कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. बोटं वेगवेगळी दिसतील अशी ठळक सावली पडली तर उजेड भरपूर, हाताचा नुसता धुरकट आकार दिसला तर पुदिन्यापुरता, आणि काहीच नाही दिसलं तर तिथं मनीप्लांट ठेवा, बेसिल नको.

मग करायचं काय, तर पूर्वेची खिडकी असेल तर कुंडी तिकडं न्या, सकाळचं सात ते दहाचं ऊन आपल्या गावात रोपांना सोनं आहे. पूर्व नसेल तर गंमत म्हणजे उत्तरेची खिडकी बघा, मे-जून-जुलैत तिथं सकाळी लवकर आणि संध्याकाळी तिरकं ऊन येतं, वर्षभर न येणारं. पश्चिमेची मात्र टाळा, दुपारी तीन ते सहा तिथली काच हाताला चटका देते आणि त्या बोटभर प्लास्टिकच्या कुंडीतलं कोकोपीट तासाभरात सुकतं. दुसरी जागाच नसेल तर काचेपासून फूटभर आत आणि मध्ये एक पातळ पंचा लावायचा.

आत्ताचा वाकलेला बेसिल फेकू नका. खालून पानांच्या दोन जोड्या मोजा आणि दुसऱ्या जोडीच्या जरासं वर कापा. त्या जोडीच्या कुशीतून दोन फांद्या फुटतात. वरचा कापलेला शेंडा पाण्यात ठेवला तर त्याला पण आठवड्याभरात मुळ्या येतात, म्हणजे एकाचे दोन झाले.

प्रश्न : बेसिल म्हणजे आपली तुळसच ना? सूनबाई ती टोमॅटोच्या सॉसमध्ये घालती, मला कसंसंच होतं. (बाळीवेस)

नाही हो, आजी. बहीण म्हणा, पण ती नव्हे. वृंदावनातली तुळस वेगळी जात आणि बेसिल वेगळी जात, कूळ एकच. आणि तुम्हाला एक सांगू का, बेसिल तुमच्या घरात आधीपासून आहे, उन्हाळ्यात फालुद्यात आणि सरबतात घालतो तो सब्जा, ते ह्याच बेसिलच्या जातीचं बी. किटमधलं बेसिलचं पाकीट संपलं की चिमूटभर सब्जा ओल्या मातीवर नुसता भुरभुरा, वर माती लोटायची नाही, तासाभरात प्रत्येक दाण्याभोवती ती निळसर बुळबुळीत जेली दिसेल, घाबरायचं नाही, चार-सहा दिवसांत उगवेल. फक्त ह्याचा वास जरा उग्र असतो, पिझ्झ्यावरच्या इटालियन जातीसारखा गोडसर नसतो. सूनबाईंना चालेल की नाही ते तुम्ही दोघी ठरवा, त्यात मी पडत नाही.

प्रश्न : कुंडीच्या कडेला आणि कोकोपीटवर पांढरा थर जमतोय, मिठासारखा. बुरशी आहे का? आमच्याकडं बोअरचं पाणी आहे. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडांना घालते, तेवढीच बचत. (विजापूर रोड)

मिठासारखा दिसतोय कारण क्षारच आहेत ते. बुरशी असेल तर कापसासारखी लुसलुशीत दिसते, हा थर नखानं खरवडला की कुरकुरीत निघतो. बोअरचं पाणी जड, त्यात तुम्ही आरओचं बाहेर टाकलेलं पाणी घालताय, म्हणजे मशीननं गाळून काढलेले सगळे क्षार एकवटून त्या एवढ्याशा कुंडीत. ताई, बचतीची कल्पना चांगली आहे पण ते पाणी फरशी पुसायला, बाथरूमला वापरा, बोटभर कुंडीला नको. जमिनीतल्या मोठ्या झाडाला एकवेळ चालून जातं, इथं क्षार जायला जागाच नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या असं दिसायला लागलं तर तेही बऱ्याचदा ह्याच जड पाण्यामुळं, रोपाला मातीतलं लोह घेता येत नाही.

वरचा थर चमच्यानं काढून टाका. मग कुंडी मोरीत ठेवून साधं नळाचं पाणी सावकाश ओता, खालून भरपूर निथळेपर्यंत, पंधरा-वीस दिवसांतून एकदा असं धुऊन काढायचं. रोजच्याला उजनीचं नळाचं पाणी येईल त्या दिवशी दोन बाटल्या भरून ठेवा, तेवढं पुरतं की, सहा कुंड्यांना लागतंय किती, दिवसाला एक फुलपात्र. एसीतून ठिबकणारं पाणी पण चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. डाळ-तांदळाचं पहिलं धुवण चालतं पण ताजं, मीठ पडलेलं अजिबात नको. आणि मृगाचा पाऊस आला की पत्र्याखाली पातेलं लावा, त्याच्यासारखं पाणी नाही.

प्रश्न : मी केगावला विद्यापीठाजवळ रूम घेऊन राहतो, तिघं जण आहोत, खिडकी आहे पण समोर भिंत. मैत्रिणीनं किट गिफ्ट दिलंय आणि रोज फोटो मागते. वाचवा.

वाचवते, थांब. खिडकी नसली तर बल्ब. महागडा जांभळा ग्रो लाइट घ्यायची काही गरज नाही, साधा 12 वॅटचा पांढरा एलईडी घे, खोक्यावर 6500 के लिहिलेला, पिवळा घेऊ नको. रोपाच्या शेंड्यापासून वीतभर वर टांगायचा, खोलीच्या छताला लावून काही उपयोग नाही, उजेड लांब गेला की झपाट्यानं कमी होतो. बारा ते चौदा तास चालू, रात्री बंद, रोपाला पण झोप लागते. 12 वॅट, चौदा तास, महिनाभर म्हणजे साधारण 5 युनिट, तिघांत वाटून घ्या, भांडणं होणार नाहीत. रोप वाढेल तसा बल्ब वर घ्यायचा.

आणि फोटोची घाई असेल तर किटमधलं बाकी सगळं बाजूला ठेव आणि आधी मोहरी किंवा मेथी टाक. पार्सलच्या चपट्या डब्याला खाली भोकं पाड, बोटभर कोकोपीट, त्यावर भिजवलेली मेथी दाट पसर, दोन दिवस वर झाकण, मग बल्बखाली. दहाव्या दिवशी बोटभर हिरवंगार गवत दिसेल, कात्रीनं काप आणि मॅगीवर टाक. खत नको, काही नको, बियांच्या पोटातल्या शिदोरीवरच येतं ते. मैत्रिणीला ते बेसिल आहे असं सांगू नको मात्र, पान झूम करून बघेल ती.

प्रश्न : किट आल्यापासून स्वयंपाकघरात बारीक काळी चिलटं झालीत. सासूबाईंनी अल्टिमेटम दिलाय, एकतर किट राहील नाहीतर त्या. (होटगी रोड)

फळांवरची चिलटं वेगळी, ही वेगळी. ही कुंडीतल्या सततच्या ओलीत अंडी घालतात, त्यांच्या अळ्या वरच्या दोन बोटं मातीत बुरशी खातात आणि कोवळी मुळं पण कुरतडतात. चावत नाहीत, पण डाळीच्या वाटीत पडली की सासूबाईंचं बरोबरच आहे. इलाज एकच मुख्य, वरचा थर कोरडा ठेवणं. चार दिवस वरून पाणी बंद. कुंडी ताटलीतल्या पाण्यात अर्धा तास ठेवा, खालून हवं तेवढं ओढून घेईल, मग ताटलीतलं उरलेलं पाणी ओतून टाका, आणि हे ओतून टाकणं विसरू नका, ताटलीत साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास पण अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत तयार होतो, तेव्हा मग चिलटं बरी म्हणायची वेळ यायची. कुंडीवर अर्धा बोट चाळलेली वाळू पसरा. पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल चोपडून कुंडीत उभा खोचा, पिवळ्या रंगाला ती धावतात आणि चिकटतात. तीन-चार आठवडे धीर धरावा लागतो कारण मातीतल्या अळ्या मोठ्या होऊन बाहेर येतच राहतात, म्हणून पहिल्या आठवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देऊ नका. तोवर किट स्वयंपाकघरातून गॅलरीत हलवा, घरात शांतता महत्त्वाची.

प्रश्न : रोझमेरी, थाईम, ओरेगॅनो तिन्ही टाकून वीस दिवस झाले. शून्य.

थाईम-ओरेगॅनोचं बी धुळीएवढं असतं, ते मातीखाली गाडलं असेल तर येणार नाही, वर नुसतं ठेवून फवाऱ्यानं ओलं ठेवायचं असतं. रोझमेरी सोडून द्या. तिचं बी चांगल्या नर्सरीवाल्यांना पण दगा देतं, महिना महिना लावतं, हवीच असेल तर थंडीत तयार रोप आणा. आणि ओरेगॅनोसाठी इतका जीव काढायचं कारणच नाही, कुणाच्या तरी अंगणात पानओवा असतो बघा, जाड लवदार पानांचा, ज्याची भजी करतात, त्याची वीतभर फांदी मागून आणा आणि मातीत खोचा. ओरेगॅनोला ज्यामुळं तो वास येतो तीच द्रव्यं ह्यात पण असतात, परदेशात ह्याला क्युबन ओरेगॅनो म्हणतात. बारीक चिरून घातला तर पास्त्यात कुणाला कळत नाही, माझ्या घरी तरी कळलेलं नाही.

प्रश्न : पाच दिवस लग्नाला अक्कलकोटला जायचंय, शेजारी पण नाहीत. कुंड्यांचं काय?

जुना सोलापुरी टॉवेल असेल तर त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या फाडा, सुतीच हवा, टेरिकॉट चालत नाही. पट्टी पूर्ण भिजवून एक टोक कुंडीच्या मातीत दोन इंच खोल खुपसा, दुसरं टोक पाण्यानं भरलेल्या तांब्यात तळापर्यंत. तांब्या कुंडीपेक्षा जरा वर ठेवा. सूत पाणी ओढत राहतं. जायच्या आधी एक दिवस लावून बघा म्हणजे किती ओढतंय ते कळेल, एकदम जायच्या दिवशी प्रयोग नको, मी केला होता आणि परत आले तर ओट्यावर तळं. तांब्याचं तोंड पंच्यानं बांधा, डासांसाठी.

प्रश्न : मी रिटायर्ड बँकवाला आहे, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. नातवानं साडेचारशेचं किट आणलं. कोथिंबिरीची जुडी दहाला मिळते. हा शहाणपणा आहे का? (साखर पेठ)

काका, कोथिंबिरीपुरतं बोलायचं तर नाही. पंचेचाळीस जुड्या वसूल व्हायला त्या बोटभर कुंड्यांना जन्म जाईल, हे मी इथं स्पष्टच लिहिते. किटमधल्या कुंड्या फक्त रोपं उगवण्यापुरत्या आहेत, त्यांना कायमचं घर समजलं की फसलो. कोथिंबिरीचं मूळ गाजरासारखं सरळ खाली जातं, तिला वीतभर तरी खोली लागते आणि उपटून दुसरीकडं लावलेलं तिला चालत नाही, म्हणून ती पहिल्यापासून मोठ्या डब्यातच पेरायची. पाच लिटरचा तेलाचा कॅन आडवा कापा, खाली तापवलेल्या खिळ्यानं सात-आठ भोकं, झाली कुंडी, फुकट. आत दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग माती-वाळू. नुसतं कोकोपीट घालाल तर त्यात खायला काही नसतं, रोप वीतभर होतं आणि उपाशी बसतं, किटच्या पुस्तिकेत हे एका ओळीत पण लिहिलेलं नाही. आणि आपल्या शेतातली काळीभोर माती तशीच भरू नका, शेतात ती लक्ष्मी आहे पण कुंडीत ओली झाली की चिकट गोळा आणि वाळली की भेगा पडून मुळं तुटतात. कोकोपीटची 650 ग्रॅमची वीट मिळते, पाण्यात टाकली की साधारण आठ-नऊ लिटर फुगते, तेवढ्यात असे तीन-चार कॅन भरतात. बोअरचं पाणी वापरत असाल तर वीट फुगल्यावर एकदा साध्या पाण्यानं धुऊन पिळून घ्या.

हिशेब बसतो तो पुदिन्यात. आणि पुदिना किटमधल्या बियांचा नाहीच, ते पाकीट तसंच राहू द्या. लक्ष्मी मंडईत जुडी घेताना पानांकडं बघू नका, काड्यांकडं बघा, जाड, बुडाशी जांभळट असलेल्या चार-पाच काड्या बाजूला काढा. पान जिथून फुटतं त्या पेराच्या बरोब्बर खाली तिरका काप, खालची पानं काढून टाका, शेंड्याची चार ठेवा, काचेच्या ग्लासात दोन बोटं पाणी आणि काड्या त्यात. पाणी एक दिवसाआड बदलायचं. पाचव्या-सहाव्या दिवशी पेरापाशी पांढरे ठिपके दिसतात, मग ते दोऱ्यासारखे लांबतात, बोटभर झाले की मातीत. ग्लास नातवाला दिसेल अशा उंचीवर ठेवा, काच असल्यामुळं मुळी रोज किती वाढली ते त्याला दिसतं, आमच्या घरी लेकीनं पट्टी लावून मोजली होती. कुंडी खोल नको, पसरट हवी, पाटीसारखी, कारण पुदिना आडवा पळतो, आणि त्याच्या शेजारी दुसरं काही लावू नका, तो सगळ्यांना गिळतो. खुडताना पानं ओरबाडायची नाहीत, काडी पेराच्या जरा वर कापायची, तिथून दोन फुटतात, पुढच्या वेळी चार. दर पंधरवड्याला मूठभर गांडूळखत. उन्हाळ्यात जुडी महाग होते, पन्हं आणि चटणीला रोज लागतो, तेव्हा तुमची वही काढा आणि मांडा हिशेब, गवती चहाचे दोन कोंब पण असेच पाण्यात मुळ्या धरतात, ते सकाळच्या चहाच्या खात्यात जमा करा.

लाकडी पाट्या मात्र टाकू नका. माझी 'रोझमेरी' लिहिलेली पाटी मी पुदिन्याच्या पाटीत खोचलीय, पाहुणे आले की वाचतात, वाकून वास घेतात आणि काही न बोलता माझ्याकडं बघतात.